पाण्याच्या गाडीवरून उन्हाच्या गाडीवर

माझ्या थोरल्या मामाने उमेदीची सगळी वर्षं पाण्याच्या टँकरवर काढली. टँकर सरकारी होता. कधीकाळी निळा असावा; मला आठवतो तो निळ्याच्या आणि गंजाच्या मधल्या कुठल्यातरी रंगाचा. मागची तोटी काही केल्या पुरती बंद व्हायची नाही, त्यामुळे मामा ज्या रस्त्याने जाई तिथे ओली रेघ उमटायची. मामी म्हणायची, "तुझ्या मामाला शोधायला पत्ता लागत नाही. रेघ धरून चालायचं, टोकाला सापडतात."

डोंगरापलीकडे कोरडी गावं होती. नदी लांब, विहिरी आटलेल्या, आणि विजेची तार अर्ध्या घाटापर्यंत येऊन तिथेच दमून बसलेली. पाऊस सरला की थोड्याच दिवसांत टँकर सुरू व्हायचे, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. गाडी वळणावर दिसली की सगळं गाव बादल्या, हंडे, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन धावत सुटायचं. मामा जाड रबरी नळी खांद्यावर टाकून मधोमध उभा राहायचा. ढकलाढकली, रडारड, शिव्याशाप, सगळं त्याच्या अंगावर. घरी यायचा तेव्हा कपडे ओले आणि घसा कोरडा. तरी त्या कामाचा त्याला अभिमान होता. "मी गेलो नाही तर त्या गावात चूल पेटत नाही," असं तो सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

धाकट्या मामालाही त्यानेच गाडी शिकवली आणि एका ठेकेदाराच्या टँकरवर लावून दिलं. घाटात दोघा भावांच्या गाड्या समोरासमोर आल्या की दोघं कडेला थांबायचे, एकाच थर्मासमधला चहा घ्यायचे आणि आपापल्या वाटेला लागायचे. बोलणं फारसं नसे. पण एखाद्या दिवशी गाठ पडली नाही तर थोरला मामा घरी येऊन मामीला विचारायचा, "धाकट्याचा काही निरोप?"

असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस मामा कामावरून आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"बदली झाली."

"कुठे?"

"उन्हात."

मामीला वाटलं, यांना ऊन लागलं. ती पाणी घेऊन आली. मग मामाने नीट सांगितलं. सरकारने सौरऊर्जेचं मनावर घेतलं होतं. शहरात घरांच्या गच्च्यांवर पॅनल, खेड्यांत उन्हावर चालणारे पंप आणि दिवे. खर्चातला मोठा वाटा सरकार उचलणार होतं. पण हे लोकांना कळायला तर हवं, म्हणून ऊर्जा खात्याने प्रचाराची गाडी काढली होती, आणि आडवळणाचे रस्ते तोंडपाठ असलेला ड्रायव्हर म्हणून मामाचं नाव पुढे आलं होतं.

"आयुष्यभर पाणी वाहिलं, आता ऊन वाहायचं," मामा म्हणाला. "जे सगळ्यांच्या डोक्यावर फुकट पडतंय, ते गाडीत घालून दारोदार न्यायचं. लोक मला वेड्यात काढणार."

मामी म्हणाली, "आधी पाणी प्या. वेड्यात काढायला मी आहेच."

गाडी पांढरी होती. बाजूला पेंटरने हसरा सूर्य रंगवला होता, पण त्याचे डोळे इतके बारीक झाले होते की तो रजा नामंजूर करणाऱ्या साहेबासारखा दिसायचा. मागचं दार उघडलं की आत एक दिवा, एक पंखा आणि काचेच्या पेटीत खेळण्याएवढा पंप. टपावर भोंगा. भोंग्यातून आधीच भरून ठेवलेलं निवेदन वाजायचं: "अपारंपरिक ऊर्जास्रोतांच्या वापरास प्रोत्साहन देण्याच्या अनुषंगाने…" ते वाक्य संपेपर्यंत गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असे. सोबत खात्याच्या इंजिनिअर मॅडम असायच्या. वयाने मामाच्या मुलीएवढ्या, बोलायला मोजक्या, कामाला चोख. त्या मामाला काका म्हणत.

पहिल्याच दिवशी गाडी एका मैदानात लावून दोघं लोकांची वाट बघत होते. मामाने मागचं दार उघडलं, तसा आतला पंखा फिरायला लागला. पंख्याला पाटीएवढं एक पॅनल जोडलेलं होतं. मामाने सहज त्यावर आपली टोपी ठेवली. पंखा थांबला. टोपी उचलली. पंखा सुरू. पुन्हा टोपी, पुन्हा थांबला. मामाने वाकून पेटीखाली पाहिलं, मागे पाहिलं, तार कुठे जाते ते बोटाने चाचपलं.

"मॅडम, बॅटरी कुठे दडवलीय?"

"बॅटरी नाहीच आहे, काका."

"मग हे फिरवतंय कोण?"

मॅडमनी नुसतं बोट वर केलं.

मामा वर बघायला गेला आणि डोळ्यांना पाणी आलं. नंतर कितीतरी वेळा त्याने मला हे सांगितलंय. "तोपर्यंत ऊन म्हणजे मला वैरीच वाटायचं. टायर तापवतं ते ऊन, विहिरी आटवतं ते ऊन. त्याच्या पायी तर मी टँकर हाकत होतो. आणि हे बेटं पंखा फिरवत होतं, तेही कसला आवाज न करता. मला वाटलं, एवढी वर्षं जो माणूस नुसता दारात उभा असलेला बघितला, तो आत येऊन कामाला लागला."

शहरातली कामं आधी निघाली. एका जुन्या चारमजली इमारतीत मॅडम आणि मामा इतके वेळा गेले की तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना भाडेकरू समजायला सुरुवात केली. गच्चीवर रहिवाशांची बैठक बसायची आणि दर वेळी मोडायची. एका बाईंचं म्हणणं, कपडे वाळत कुठे घालायचे. एका गृहस्थांचं म्हणणं, वरच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर पॅनल म्हणजे वीज त्यांनाच जास्त मिळणार. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त हिशेबनीस होते. त्यांना सगळ्याच योजनांचा संशय यायचा. ते म्हणाले, "सरकार आपणहून काही द्यायला आलं की मी आधी खिसा चाचपतो."

मॅडमनी न कंटाळता सगळं समजावलं. कपड्यांच्या दोऱ्या पॅनलच्या मागे सरकवल्या. वीज जिन्यातल्या दिव्यांना, लिफ्टला आणि पाण्याच्या मोटरला, म्हणजे सगळ्यांना सारखी. उरलेली तारेवरून परत सरकारी वीजमंडळाकडे. शेवटी मंडळी कशाने पालटली कोण जाणे, पण होय म्हणाली.

पॅनल बसली आणि मीटर चालू करायचा दिवस आला. मीटरची खोली जिन्याखाली, अंधारी, सायकलींनी भरलेली. मीटरच्या काचेत एक बाण होता. वीज बाहेरून घरात येत असली की तो आत वळलेला, आणि घरातून बाहेर जात असली की उलटा. सेक्रेटरी चष्मा पुसून त्याच्यासमोर उभे राहिले. मॅडमनी वर गच्चीवरून फोनवर सांगितलं, "चालू केलंय." मामा दारात होता. बाण क्षणभर दिसेनासा झाला आणि मग फिरून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

सेक्रेटरी वाकून काचेजवळ गेले. बराच वेळ तिथेच उभे होते. मग जिन्याच्या कठड्याला धरून त्यांनी वर हाक मारली, "अगं, खाली ये. आपण वीज पाठवतोय." त्यांच्या सौभाग्यवती पीठ लागलेल्या हातांनीच खाली आल्या. त्यांच्यामागून शेजारचे, वरचे, जे ते. त्या अरुंद खोलीत सायकलींच्या मधून माना लांब करकरून सगळी इमारत तो एवढासा बाण बघत होती. ज्यांना कपड्यांची काळजी होती त्या बाई म्हणाल्या, "हे आत्ता कुणाच्या घरी जातंय?" मॅडम म्हणाल्या, "जवळ जे कुणी वापरत असेल त्याच्या." "म्हणजे समोरच्या दवाखान्यातसुद्धा?" "जाऊ शकतं." बाई मीटरकडे एखाद्या तान्ह्या मुलाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

मामा त्या दिवशी घरी आला तो गात होता, असं मामी सांगते. मामाचं गाणं हा आमच्या घरात भीतीचा विषय आहे, त्यामुळे तिला तारीख आठवत नसली तरी प्रसंग पक्का लक्षात आहे.

पण खरी गोष्ट डोंगरापलीकडची.

पुढच्या वर्षी गाडी घाट चढायला लागली. योजना अशी की जिथे ओढ्याच्या काठी खोल बोअर मारून पाणी लागतं, तिथे खाली सौर पॅनल आणि पंप, वर टेकाडावर टाकी, आणि टाकीतून गावभर नळ. यादीतलं पहिलं गाव नेमकं मामाचं टँकरचं गाव होतं. आणि मामाने सोडल्यापासून तिथे पाणी न्यायचं काम धाकट्या मामाकडे आलं होतं.

बातमी धाकट्याच्या कानावर गेली. तो एका दुपारी घरी आला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीला मामाकडेच राहायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. तो आत आला पण बसला नाही.

"दादा, तू त्या गावात पंप बसवतोयस म्हणे."

"सरकार बसवतंय. मी गाडी चालवतो."

"मग गाडी दुसरीकडे चालव. गावं काय कमी आहेत?"

मामा म्हणाला, "यादी मी करतो का?"

"यादी तू करत नाहीस. पण तुला बघून ते होय म्हणतील, हे तुलाही ठाऊक आहे. बाकी कुणी आलं असतं तर त्यांनी दारातसुद्धा उभं केलं नसतं." धाकट्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माझ्या पोटावर पाय द्यायला तूच सापडलास का रे त्यांना?"

मामी चहा ठेवायला उठली. धाकटा म्हणाला, "वहिनी, नको," आणि गेला. त्यानंतर घाटात समोरासमोर गाड्या आल्या तरी टँकर थांबायचा नाही. थर्मास मामाच्या शेजारी तसाच भरलेला घरी यायचा.

मामा दोन्हीकडून बांधला गेला. रात्री जेवताना एकदम घास तसाच ठेवून म्हणायचा, "तिथल्या बायका नळीखाली एकमेकींच्या झिंज्या उपटतात. ते बंद होणार असेल तर मी गाडी दुसरीकडे कशी नेऊ?" आणि थोड्या वेळाने, "पण त्याचीही दोन लेकरं आहेत." मामी ऐकून घ्यायची. ती एकदाच म्हणाली, "तुम्ही पाण्याचं बघा. भाऊ कुठे पळून जातोय."

गाव धाकटा म्हणाला तसंच होय म्हणालं. पण काम रखडलं. पॅनल शहरातल्या गोदामात पडून राहिली, कारण घाटातला पूल खचला होता. पूल झाला तर पाइप येईनात. मॅडम रोज फोनवर कुणाशी तरी शांतपणे भांडायच्या. एक वेळ अशी आली की गावातल्या शाळेचे मास्तर म्हणाले, "सूर्य रोज वेळेवर येतो, तुमचं खातं तेवढं येत नाही." मॅडमनी पुन्हा फोन लावला.

अखेर सगळं सामान पोचलं आणि निराळीच अडचण उभी राहिली. पॅनलच्या खांबांचे पाये आणि टाकीचा ओटा काँक्रीटचा. काँक्रीट कालवायला पाणी हवं, आणि कालवल्यावर ते कोरडं पडून तडकू नये म्हणून कितीतरी दिवस वरून शिंपत राहायला हवं. बोअरमध्ये पाणी होतं, पण ते वर काढायला अजून पंप नव्हता. गावाकडे प्यायलाच पाणी नाही, तर काँक्रीटला कुठून देणार? गवंडी हात बांधून बसला.

पाणी आणणारा टँकर एकच होता.

मामा स्वतः गेला नाही. त्याला तोंड नव्हतं, असं तो म्हणाला. मॅडम गेल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर टँकरचा हॉर्न वाजला. धाकटा उतरला, नळी ओढत ओट्यापर्यंत नेली आणि कुणाशी न बोलता पाणी सोडलं. गावाची फेरी झाली की रोज एक फेरी या कामाला, असं त्याने शेवटपर्यंत केलं. थोरला मामा लांब गाडीच्या सावलीत उभा राहून बघायचा. फोनवर मला म्हणाला, "अगं, स्वतःच्या हाताने पाया भिजवतोय. आणि कमी नाही घालत. चांगलं चिंब करतोय."

पंप सुरू करायचा दिवस ठरला, त्या दिवशी मी हट्ट करून सोबत गेले. आणि नेमकं आभाळ भरून आलं. पावसाचं नव्हे, नुसतं राखाडी, गोधडी पसरल्यासारखं. मॅडमचा चेहरा पडला. बटण दाबलं, खाली बोअरमध्ये पंपाची बारीक गुणगुण सुरू झाली, पण पाणी वर चढण्याएवढा जोर त्यात नव्हता. वर टेकाडावर टाकीच्या तोंडाशी आम्ही सगळे जमलेलो. तिथे एक लोखंडी पाइप टाकीच्या कठड्यावरून आत वाकलेला होता. सगळं गाव त्या पाइपच्या कोरड्या तोंडाकडे बघत होतं.

बराच वेळ गेला. पोरं कंटाळून खेळायला लागली. मास्तर म्हणाले, "चला, ढगांनी सुट्टी दिली." दोन-चार जण उतरायलाही लागले.

गावात एक आंधळी म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणत. टँकरच्या दिवसांत ती नुसत्या आवाजावरून ओळखायची, आज थोरला आलाय की धाकटा. थोरला वळणावर गियर लवकर बदलतो, असं तिचं म्हणणं. तिला कुणीतरी हाताला धरून वर आणलं होतं आणि ती टाकीच्या मागे, आडोशाला, उभ्या पाइपला पाठ टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाऊ नका. थांबा जरा."

"का, मावशी?"

"पाइप खालून गार व्हायला लागलाय."

मॅडमनी वाकून पाइपला हात लावला. मग थोडा वर लावला. मग आणखी वर. त्यांचा हात पाइपवरून हळूहळू चढत गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून उतरणारे परत फिरले. आभाळाची गोधडी एका कोपऱ्यातून विरत चालली होती. खाली ओढ्याकाठची पॅनल एकेक करून चमकायला लागली. आणि पाइपच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, घसा साफ केल्यासारखी; मग गंजाचं लाल पाणी, मग गढूळ, आणि मग मनगटाएवढी पांढरी शुभ्र धार.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. कुणी ओरडलं नाही. कुणी भांडं पुढे केलं नाही. ज्या गावाने पाणी कधी धावपळीशिवाय बघितलं नव्हतं, ते नुसतं उभं राहून बघत होतं.

मावशीला उठवून धारेपाशी नेलं. तिने दोन्ही हात धारेखाली धरले आणि तसेच ठेवले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ढग आला."

आम्ही वर बघितलं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. कुणीतरी हसलं, "मावशी, आहे कुठे ढग?"

"आला," ती म्हणाली. "धार बारीक झाली."

मॅडमनी खाली बोट दाखवलं. खाली ओढ्याकाठी पॅनलवर सावली पडली होती. ढगाची सावली तिथे आधी पोचली होती आणि आता टेकाड चढत वर येत होती. बघता बघता ती आमच्या पायांपर्यंत आली, अंगावरून गेली. मग खाली पुन्हा उजेड झाला.

"गेला," मावशी म्हणाली. तोवर आम्ही सावलीतच होतो.

मग तो खेळच झाला. ढगांचे तुकडे एकामागून एक येत होते, आणि मावशी हातावरच्या पाण्याने सांगत होती, मोठा आला, छोटा आला, विरळ आहे. आम्ही डोळे असलेले सगळे तिच्याकडे बघून मग खाली बघायचो, आणि दर वेळी तसंच असायचं. तिला दिसेनासं झाल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. थोरला मामा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझा दंड धरला होता आणि तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीही वळ होता. हळूच म्हणाला, "हिच्या हातात ऊन आहे गं. नुसतं ऊन आहे."

मावशीने हात बाहेर काढून झटकले. "धाकटा आलाय का?" तिने विचारलं. "त्याची गाडी ऐकली मघाशी."

धाकटा मामा गर्दीच्या मागे होता. तो पुढे आला. धारेखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला, चूळ भरल्यासारखा तोंडात घोळवला आणि गिळला. पाणी वाहण्यात जन्म गेलेला माणूस. पाण्याची पारख होती त्याला.

"कसं आहे?" थोरल्याने विचारलं. कित्येक महिन्यांतला तो पहिला शब्द.

"गोड आहे," धाकटा म्हणाला. मग हात पुसत, "माझ्यापेक्षा चांगलं आणलंस."

"मी कुठे आणलं," मामा म्हणाला. दोघंही मग खाली चमकणाऱ्या पॅनलकडे बघत राहिले. थर्मास गाडीत होता. मी जाऊन घेऊन आले.

त्या गावात टँकर जायचा थांबला, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. धाकट्याचे मधले दिवस वाईट गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. ठेकेदाराचा टँकर कामाविना अंगणात उभा, आणि तो त्याच्या टपावर बसून विड्या ओढायचा. थोरल्याने खात्यात ओळखीपाळखीने विचारून पाहिलं, काही जमलं नाही. मग माळरानावर सरकारचा मोठा सौर प्रकल्प उभा राहिला. तिथल्या पॅनलवर इतकी धूळ बसायची की वीज कमी पडायची. पॅनल सतत धुवावी लागत. धुवायला पाणी, पाण्याला टँकर, आणि टँकर त्या उंचसखल माळावरून पॅनलला धक्का न लावता नेईल असा ड्रायव्हर. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली. धाकटा स्वतः जाऊन उभा राहिला. चाचणीत त्याने टँकर दोन ओळींच्या मधून उलटा काढून दाखवला. त्याला ठेवून घेतलं.

मामा निवृत्त झाला त्या वर्षी धाकट्याने आम्हा सगळ्यांना तो माळ बघायला बोलावलं. मामी आधी म्हणाली होती, "काचा बघायला एवढ्या लांब कोण येतंय." पण आली.

वळण घेऊन गाडी उंचवट्यावर थांबली आणि आम्ही उतरलो. नजर पोचेल तिथवर निळीकाळी पॅनल. ओळी, ओळींमागे ओळी, पार क्षितिजाला टेकलेल्या. पूर्वी त्या माळावर गवतसुद्धा धड उगवत नसे. मामा त्या बाजूने टँकर नेताना काच वर करून घ्यायचा, एवढी धूळ. आता तिथे तळं साठल्यासारखं दिसत होतं. मामाने टोपी काढली. का काढली त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"इथली वीज कुठवर जाते?" मामीने विचारलं.

"आपल्या घरापर्यंत," धाकटा म्हणाला. "तुझा मिक्सर यावरच फिरतो, वहिनी."

मामीचा आवाज असा की तिने स्वयंपाकघरातून हाक मारली तर नाक्यावर ऐकू जाते. पण त्या दिवशी ती कुजबुजत बोलत होती. "एवढं सगळं चाललंय आणि आवाज कसा नाही हो याला?"

आम्ही सावली बघून डबे उघडले. बोलत बोलत जेवलो. जेवून उठलो तेव्हा मी सहज खाली पाहिलं आणि काहीतरी बदललंय असं वाटलं, पण काय ते कळेना. मघाशी उजेड सरळ आमच्या डोळ्यांत येत होता. आता येत नव्हता.

"हललीयत ती," धाकटा म्हणाला. "सगळी. दिवसभर हलतात. सूर्य जाईल तिकडे तोंड फिरवत जातात. टक लावून बघितलं तर दिसत नाही. नजर काढली की सरकलेली असतात. सकाळी मी येतो तेव्हा सगळी पूर्वेकडे बघत उभी असतात."

मामा, मामी, मी, तिघंही उंचवट्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. सरकताना पकडायचं म्हणून एकाच पॅनलवर नजर रोखली, आणि नाहीच दिसलं काही. धाकटा टँकर घेऊन खाली ओळींमध्ये शिरला. लांबून त्याची गाडी पाण्यातल्या होडीसारखी दिसत होती, आणि तिने धुतलेल्या पॅनलांमध्ये मागे मागे आभाळ उमटत चाललं होतं.

"बसा जरा," मामी मामाला म्हणाली. "पाय दुखतील."

मामा म्हणाला, "उभाच राहतो."

आणि तो उन्हात तसाच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.